विहिरीतली ‘हि’

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि सुट्टीतल्या वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. नववीत आलेल्या एका मुलाच्या वहीत डाव्या पानावर एक वाक्य होतं : ‘आम्ही काकाच्या विहीरीत उडी मारली.’ समोरच्या उजव्या पानावर त्यानं तेच वाक्य पुन्हा लिहिलं होतं : ‘दुपारी आम्ही काकांच्या विहिरीत उडी मारली तेव्हा पाणी वर कोमट आणि खाली गारेगार होतं.’ ‘ही’ची ‘हि’ झाली, काकांना अनुस्वाराचा मान मिळाला आणि विहिरीत पाणीसुद्धा आलं. या दोन पानांमध्ये जे घडलं, त्याचे मी गुण देते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत व्याकरणाचा आणि लेखनाचा सराव करून वही आणली, तर पहिल्या घटक चाचणीत पाच जादा गुण, असं मी मुलांना सांगत आले आहे. पहिल्या वर्षी मी पानं मोजली. वीस पानं लिहा, पाच गुण घ्या. वह्या आल्या, अक्षरही सुरेख होतं. पण निम्म्या वह्यांमध्ये ‘उन्हाळ्यातील एक दुपार’ हा एकच निबंध होता, गाइडमधून शब्दशः उतरवलेला. त्यात मुलांचा दोष नव्हता. मी पानांची किंमत ठरवली होती, त्यांनी पानं दिली. दुसऱ्या वर्षी मी रीत बदलली. डाव्या पानावर मनात येईल तसं लिहायचं, खाडाखोड झाली तरी चालेल, चुकांचा एकही गुण कापला जाणार नाही. दोन दिवसांनी तेच उजव्या पानावर सुधारून लिहायचं. असे दहा मजकूर. गुण फक्त सुधारणेला.

दोन दिवसांचं अंतर मुद्दाम आहे. लिहिल्या लिहिल्या आपल्याला आपली चूक दिसत नाही, कारण डोळा कागद वाचत नाही, मनातलं वाचतो.

आता त्या विहिरीकडे परत जाऊ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली शासनानं मान्य केले. तेव्हा ते चौदा होते. १९७२मध्ये आणखी चार आले. एकूण अठरा. पोरांना सगळे एकदम पाठ करायला लावले, तर पंधरा जूनपर्यंत एकही उरत नाही. म्हणून मी एकाच नियमावर आठ-दहा दिवस घालवते. मूळ मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ईकार किंवा ऊकार असेल, तर प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो. गरीब, पण गरिबाला. फूल, पण फुलात. मूल, पण मुलानं. विहीर, पण विहिरीत. हा नियम कानानंही पकडता येतो. ‘फूल’ मोठ्यानं म्हणा आणि मग ‘फुलात’ म्हणा. जीभ स्वतःच आखडती होते.

एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग शरीर-शरिरात का नाही?’ हा प्रश्न मला इतका आवडला, की त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही. शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे, त्यामुळे ‘शरीरात’ दीर्घच राहतं. पण शब्द तत्सम आहे की नाही हे आठवीतल्या मुलीला कळणार कसं? शब्दकोशाशिवाय नाही. म्हणून या वहीसोबत घरात एक शब्दकोश हवा. जुना, फाटका, कोणाचाही चालेल.

सुट्टीत अभ्यासाचं साहित्य तर दारात येऊन पडतं. लग्नसराई असते. पत्रिका आली की मुलांनी ती आधी वाचायची. ‘आशिर्वाद’ छापलंय का? बरोबर शब्द ‘आशीर्वाद’. ‘हार्दीक’? इक प्रत्ययातली ‘इ’ ऱ्हस्व, म्हणून हार्दिक, सामाजिक, आर्थिक. रस्त्यावरच्या पाट्या पाहा. ‘उपहारगृह’ असं अनेक ठिकाणी दिसतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. चहा-पोहे मिळतात ते उपाहारगृह. उप अधिक आहार. एवढ्या एका पाटीवर संधी शिकवून होतो.

आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, काय चाललेलं असतं? बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. खानदेशात मे महिन्यात हे घरोघर. मुलांना मी सांगते, कृती लिहा आणि क्रियापद कोणामागे चालतं ते बघा. ‘आजी पीठ ढवळते’, इथे क्रियापद आजीमागे चाललंय, हा कर्तरी प्रयोग. ‘आजीनं बिबडे थापले, आजीनं कुरडई घातली’, आजी तीच, पण क्रियापद बिबड्यांमागे आणि कुरडईमागे गेलं, हा कर्मणी. ‘आजीनं मुलांना राखणीला बसवलं’, इथे ते कोणाच्याच मागे जात नाही, हा भावे. फळ्यावर तीन तास घालवूनही जे पोहोचत नाही, ते वाळवणापाशी बसून पोहोचतं.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. आमच्याकडची कितीतरी मुलं घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘गावमा’, ‘वावरमा’ म्हणतात. गाव हा शब्द तसाच राहतो आणि पुढे ‘मा’ लागतो. प्रमाण मराठीत तेच ‘गावात’, ‘वावरात’ होतं, शब्दाचं रूप बदलतं. मुलाची वही तिथे अडखळली, तर ते अज्ञान नाही; ते मूल एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात पाऊल टाकत असतं. आजी नातवाला ‘तू काय करी ऱ्हायना?’ असं विचारते, ते वहीत अवतरणचिन्हांत तसंच्या तसं यायला हवं. पात्राच्या तोंडी त्याचीच बोली लिहायला त्या अठरा नियमांतही जागा ठेवलेली आहे. कृपा करून कोणी ते लाल शाईनं खोडू नका.

पालक विचारतात, हे परीक्षेत येतं का? येतं. दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४, मिळून ४० गुण आहेत. निम्मी प्रश्नपत्रिका. पत्र, बातमी, जाहिरात, सारांश, कथा, हे सगळं तिथे स्वतःच्या वाक्यांनीच लिहावं लागतं.

तुमच्याकडून मला एकच मदत हवी आहे. डावं पान तुम्ही तपासू नका. मुलाला उजवं पान मोठ्यानं वाचायला सांगा आणि ऐका, भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. जिथे तो वाचताना थांबतो, तिथेच बहुतेक वेळा वाक्य बिघडलेलं असतं, आणि ते त्याचं त्यालाच कळतं.

मुलांनो, शंभर पानी वही पुरे. आज रात्री जेवणं झाली की डाव्या पानावर पाच वाक्यं लिहा, आज दुपारी तुम्ही जिथे होतात त्या जागेबद्दल. विहीर, ओटा, केळीचा मळा, मामाचं दुकान, काहीही. मग वही मिटून ठेवा आणि परवा सकाळी उघडा.

नमस्कार.