पाऊस किती, यापेक्षा केव्हा

मंडळी, मुंबईत पाऊस वाढलाय की कमी झालाय, हे मला दर जूनला हमखास विचारलं जातं. माझं म्हणणं, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. पाऊस केव्हा पडला आणि किती तासांत पडला, यावर या शहराचं बरंवाईट ठरतं.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला पुरता शंभरही नाही. यांची सरासरी काढून कोणाचं भलं होणार?

हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय, म्हणजे वाऱ्यांना ओलावाही भरपूर. मग हप्त्याहप्त्याने यायचा तो पाऊस एका दुपारीच कोसळतो. आपली ब्रिटिशकालीन गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाची, तीही ओहोटी असेल तर. ब्रिमस्टोवॅड या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात ती क्षमता ५० वर न्यायचं ठरलं. पण साडेचार मीटरच्या वर भरती असली की समुद्राकडची दारं लावून घ्यावी लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून वर येतो. तेवढा वेळ सगळी भिस्त पंपांवर. त्यामुळे दादरच्या सखल हिंदमाता भागात राहणारा माणूस पावसाच्या अंदाजाआधी भरतीची वेळ बघतो. शहाणा आहे तो!

आता 'केव्हा'कडे येऊ. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. नालेसफाईची मुदत असते ३१ मे. कंत्राटदाराच्या कागदावर काम वेळेतच चाललं होतं म्हणा.

बातम्यांत मेट्रो स्टेशनात शिरलेलं पाणी दिसलं. वर्सोवा, मढ, गोराईच्या कोळीवाड्यांत मासळी वाळवतात, तिकडे फार कोणी कॅमेरा नेला नाही. तिथे बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे दोऱ्या बांधलेल्या मांडवांवर, बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. कडक ऊन असलं तर दोन-तीन दिवसांत माल तयार. हे काम बायकांचं. आणि मे म्हणजे त्यांच्या विक्रीचा भर, कारण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी तेव्हाच होते: सुकट, जवळा, बोंबील डब्यात भरून ठेवले की पावसाळ्याची काळजी मिटली. त्यात १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे भिजलेल्या मालाच्या जागी नवा आणायची सोयही नाही. अर्धवट वाळलेल्या बोंबलावर एक सर पडली तर तो मऊ पडतो, त्याला वास सुटतो. मग कोंबडीखाद्यासाठी मिळेल त्या भावाने द्यायचा. वर्षभराच्या पावसाच्या आकड्यात ही सर कुठे शोधणार?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला, ते उत्तमच झालं. मात्र अवकाळी पावसानंतर पंचनामा करायला येणाऱ्याने होडी आणि जाळ्यांवर न थांबता वलांडीपर्यंत यायला हवं. तिथे सातबारा नसतो, बिल नसतं, भिजलेला ढीग तेवढा असतो, आणि तोही दोन दिवसांत फेकावा लागतो.

सौर ड्रायर हा उपाय आहे, कोणी विचारण्याआधीच सांगतो. पण तो ठेवायला जागा लागते, आणि मासळी सुकवायच्या जागा नक्की कोणाच्या, याचा घोळ कोळीवाड्यांच्या सीमांकनात वर्षानुवर्षं अडकलाय. म्हणून ड्रायरच्या अनुदानाचा अर्ज भरण्याआधी मी त्या बायकांना भूमापन कार्यालयात जायला सांगतो.