‘घेऊ नका’ असं सांगणाऱ्या साईटची कमाई

नमस्कार. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडून, एवढ्या पावसात तुम्ही सगळे दादरला आलात, बरं वाटलं. मी नोकरी सांभाळून मराठीत एक साईट चालवते, मुंबईतल्या छोट्या घरांना लागणाऱ्या वस्तूंबद्दलची, आणि त्यातून पगाराला जोड मिळते. जोड म्हणतेय, पगाराच्या जागी नाही, हे आधीच सांगते, कारण नोकरी सोडून याच्यात उडी मारा असं मी कोणालाही सांगणार नाही.

आता हे चालतं कसं. आपल्याकडे वायरमन घरी येतो, सामानाची यादी करतो आणि सांगतो की लोहार चाळीत अमुक दुकानात जा, माझं नाव सांगा, मग त्या दुकानदाराकडून त्याला काहीतरी मिळतं. अफिलिएट मार्केटिंग म्हणजे हेच, फक्त नाव सांगायच्या जागी लिंक असते. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली हा प्रकार सुरू केला, तेव्हा ते फक्त पुस्तकं विकायचे, आणि आज जवळपास प्रत्येक मोठ्या दुकानाचा असा प्रोग्राम आहे. तुमच्या लिंकमध्ये तुमची खूण असते, वाचकाने क्लिक केलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तो तुमच्या लिंकवरून आला याची छोटी नोंद, बसते आणि ठराविक वेळात त्याने खरेदी केली तर कमिशन तुमचं. अ‍ॅमेझॉनची ही मुदत २४ तासांची आहे. म्हणजे बघा, नवऱ्याने रात्री क्लिक केलं, घरात चर्चा झाली आणि रविवारी बायकोने तिच्या फोनवरून घेतलं, तर तुम्हाला काही नाही. वस्तू परत गेली तरी कमिशन परत जातं, आणि पैसे हातात यायला महिना संपल्यावर सुमारे दोन महिने लागतात.

हिशोब करून दाखवते, आकडे समजण्यापुरते. महिन्याला १,००० लोकांनी एक लेख वाचला, १०० जणांनी लिंक दाबली, त्यातल्या तिघांनी १०,००० रुपयांची वस्तू घेतली, कमिशन ५ टक्के, तर १,५०० रुपये झाले, त्यातल्या एकाने परत केली तर १,०००. यातून डोमेन म्हणजे साईटचं नाव आणि होस्टिंग म्हणजे साईट ठेवायची जागा, यांचा खर्च वजा करा. हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग लिंका वाढवू, टॉप टेन टाकू, महागड्या वस्तू टाकू. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे आणि तेच सांगायला मी आलेय.

वॉटर प्युरिफायरचं घ्या. पावसाळा आला की मुंबईत हे सगळे शोधतात, कारण नळाला गढूळ पाणी येतं. बहुतेक साईटवर काय दिसतं, तर दहा आरओ मशिनं, सगळ्यांना साडेचार स्टार, सगळ्यांखाली ‘विकत घ्या’. पण मुंबईचं पाणी येतं कुठून? भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी, म्हणजे तलावांतून, पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार फार कमी असतात. आरओचं मुख्य काम क्षार काढणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याच्या खाली असलेल्या पाण्याला आरओ लावू नये असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. मुंबईत पालिकेच्या पाण्याची अडचण वेगळी आहे, जुन्या पाइपलाइन गळतात, शेजारून गटार जातं, जंतू शिरतात, टाकी वेळेवर धुतली जात नाही. त्याला गाळ अडवणारा फिल्टर आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा प्रकाश, एवढं पुरतं. वर आरओ एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि ज्या घरात सकाळी तासभर पाणी येतं तिथे हे परवडत नाही.

म्हणून माझ्या लेखात मी आधी लिहिलं की शे-दोनशे रुपयांचं क्षार मोजायचं मीटर आणा किंवा शेजाऱ्याकडून मागा, घरचं पाणी मोजा, बिल्डिंगला टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर तेही मोजा, कारण तिथे आकडा खूप वर जातो आणि तिथे आरओ खरंच लागतो, पण आकडा कमी आला तर आरओ घेऊ नका. यूव्ही स्वस्त, कमिशन कमी, मान्य आहे. पण ज्याचे आपण पाच-सात हजार वाचवले तो माणूस मिक्सर घेताना परत येतो, आणि बहिणीला लिंक पाठवतो. माझी कमाई या परत येणाऱ्या लोकांवर चालते, नुसत्या गूगल सर्चवर अवलंबून राहिले असते तर केव्हाच बंद पडली असती.

सर्चचं काय होतं ते मार्च २०२४ मध्ये पाहिलंय आपण, गूगलने ढिगाने तयार केलेल्या पानांविरुद्ध नियम कडक केले आणि अनेक साईटचा ट्रॅफिक, म्हणजे येणारे वाचक, बसला. कंपनीच्या पानावरची माहिती मराठीत उतरवून काही मिळणार नाही. त्यापेक्षा दहा बाय बाराच्या खोलीत फोल्डिंग टेबल उघडल्यावर कपाटाचं दार उघडतं का, हे टेपने मोजून लिहा, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना वॉशिंग मशीन वर कोण नेणार हे लिहा, हे दिल्लीत बसून कोणी लिहू शकत नाही.

आणि कमिशन मिळतं हे लपवू नका. लेखाच्या वरतीच, मराठीत, सरळ लिहा की या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या याबद्दल स्पष्ट सूचना आहेत, आणि फसव्या जाहिरातीला कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे. पण दंडाचं राहू द्या, समोरचा आपल्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतोय, त्याला हे माहीत असलंच पाहिजे. गूगललाही कळायला हवं, म्हणून लिंकच्या कोडमध्ये ती स्पॉन्सर्ड असल्याची खूण टाकायची असते.

प्रोग्रामचे नियम एकदा नीट बसून वाचा. अ‍ॅमेझॉनमध्ये स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी चालत नाही, आणि पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. प्रोग्राममध्ये शिरायला पैसे लागत नाहीत. कोणी वीस-पंचवीस हजार भरा, मग अजून लोक आणा, त्यांचं कमिशन घ्या असं सांगत असेल तर ते अफिलिएट मार्केटिंग नाही, ती साखळी आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार पिरॅमिड स्कीम चालवायला बंदी आहे. कॉलेजातली मुलं याच्यात आई-वडिलांचे पैसे घालतात, म्हणून मी हे जिथे जाईन तिथे सांगते.

टॅक्सचं पटकन. कमिशन हे धंद्याचं उत्पन्न आहे, बऱ्याचदा कंपनी कर कापूनच पैसे देते आणि ते तुमच्या पॅनवर दिसतं, तेव्हा पगारदारांचा साधा आयटीआर-१ चालत नाही, सीएला विचारून आयटीआर-३ भरा. आणि खाजगी नोकरी असेल तर नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. राज्य किंवा केंद्र सरकारची नोकरी असेल तर सेवा नियमांत परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, पालिकेतल्यांनीही आपल्या खात्यात विचारून घ्या, बायकोच्या नावावर टाकू असं म्हणण्याआधी सुद्धा विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊया, मागून सुरुवात करा.