कापूस माहा, बंडी माही

(गावातल्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘व्यक्तिस्वातंत्र्य: राजकारण आणि नीती’. तो मीच दिला होता. पण समोर पऱ्हाटी वेचून दमून आलेली माणसं बसलीत, बाया आल्यात, म्हणून पैनगंगेच्या पात्रातून सुरुवात करतो. राज्यघटनेकडे मग येऊ.

एकाधिकार खरेदीचा काळ इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. पोरांसाठी सांगतो. महाराष्ट्रात कायदा झाला १९७१ चा आणि १९७२ पासून कापूस विकत घ्यायचा हक्क एकट्या सरकारचा झाला. दुसऱ्या कोणाला विकला तर गुन्हा. संकलन केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची. दोन-दोन, तीन-तीन रात्री माणसं बंडीखाली झोपायची. ग्रेडर येणार, मूठभर कापूस हातात घेऊन दोन बोटांनी धागा ओढणार आणि प्रत सांगणार. त्याच्या तोंडून जे निघेल ते तुमचं वर्षभराचं नशीब. अन् चुकारा, म्हणजे मालाचे पैसे? ते हप्त्यांनी. पोरीचं लग्न मात्र हप्त्यांनी होत नसते.

आमचं गाव केळापूर तालुक्यात. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तेव्हाचा आंध्र. तिकडं व्यापारी रोख पैसे मोजायचा. मी नववीत होतो. त्या साली बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मागच्या हंगामाचा शेवटचा हप्ता अजून हाती आला नव्हता. एका संध्याकाळी बाबांनी बैलांच्या गळ्यातल्या घाट्या सोडल्या नाहीत, सोडल्या की बैल बिचकायचे. त्यांनी एकेका घाटीचा लोलक कापसानं गुंडाळला आणि वरून सुतळी बांधली. मी कंदील धरून उभा होतो. आपल्याच शेतातला कापूस आपल्याच बैलांच्या घाटीत कोंबताना बाबांचे हात मी पाहिलेत. आयुष्यात कोणाच्या धुऱ्यावरची काडी न उचललेला माणूस होता तो, आणि त्या रात्री चोरासारखा वागत होता.

आखाला वंगण घातलं होतं, चाक बोलत नव्हतं. नदीच्या रेतीत बंडी उतरली आणि तिथंच अंगावर बॅटऱ्या पडल्या. पथक दबा धरून होतं. कोणतं, कोणाचं, ते सांगत नाही. त्यातली माणसं गेली आता, आणि वाईट कायदा होता, माणसं नव्हेत. कागद तयार झाला. त्यावर ‘अवैध वाहतूक’ लिहिलं होतं. बाबांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. त्यावर त्यांनी साहेबाला विचारलं, ‘साहेब, कापूस माहा, बंडी माही, बैल माहे. मंग म्या चोरी कोनाची केली?’

साहेब काहीच बोलला नाही. कागद पुढं सरकवला आणि बाबांनी अंगठा दिला. कापूस गेला. बैल आठ दिवसांनी मिळाले, वैरणीवाचून पोटं खपाटीला गेलेली. बहिणीचं लग्न वर्षभर पुढं गेलं.

या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस वर्षं शोधतोय. त्यासाठीच वाचायला लागलो, आणि त्यासाठीच पुढं शरद जोशींच्या मागं शेतकरी संघटनेत गेलो. काही साली सरकारी भाव बाहेरच्यापेक्षा चढा असायचा, हेही खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. तेव्हा शेजारच्या राज्यांतला कापूस उलट आपल्याकडं यायचा. पण बाबांनी विचारलं होतं ते भावाचं नव्हतंच. माल माझा असेल, तर तो कोणाला द्यायचा, कोणाला नाही, हे ठरवणारा मी की दुसरा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वर्तमानपत्रावर बंधन आलं की शहरात मोर्चे निघतात, निघायलाच पाहिजेत. पण आमच्या बंडीवर बंधन आलं तेव्हा स्वातंत्र्याचं नाव कोणी घेतलं नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य थोरलं आणि विकण्याचं धाकटं, ही वाटणी कोणी केली?

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय, दहा मिनिटं राहिलीत. शेवटची गाडी पकडायची आहे काहींना. बरं, घटनेकडं येतो.

१९५० ला घटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. दीडच वर्षात, १९५१ ला, पहिली दुरुस्ती आली आणि तिनं नववं परिशिष्ट जोडलं. त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्क मोडला म्हणून कोर्टात जाता येत नाही. सुरुवातीला तेरा कायदे होते, पुढं २८४ झाले, बहुतेक जमिनीचे. मालाच्या साठ्यावर, विक्रीवर बंधन घालायची मुभा सरकारला देणारा १९५५ चा आवश्यक वस्तू कायदाही त्यात जाऊन बसला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं तर मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला. आज तो कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरलाय. २००७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात टाकलेले कायदे तपासता येतील. म्हणजे खिडकी उघडली, दार नाही. सरकारं बदलली, पण डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभऱ्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाले आणि डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात. पक्ष कोणताही असो, आमच्या मालावर हात ठेवायची सवय सगळ्यांना सारखीच.

आता नीती. स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते करणं नव्हे. दुसऱ्यावर आधी हात उचलायचा नाही, फसवायचं नाही, शब्द मोडायचा नाही, बाकी ज्याचं त्यानं ठरवावं. दारूबंदीचं विचारणार तुम्ही, मावशी, हात वर दिसतोय. चंद्रपुरात २०१५ ला बंद केली, २०२१ ला उठवली. मी पीत नाही, आणि बाटलीनं मोडलेली घरं मी पाहिलीत. बायकोला मारणाऱ्याला दारू प्यायला म्हणून नव्हे, मारलं म्हणून आत टाका, आणि लवकर टाका. बाटली बंद करून त्याचा हात थांबत नाही, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं, प्रश्नोत्तरांत भांडू.

एक गोष्ट राहिली, तिच्याशिवाय बसणार नाही. आम्ही सरकारला म्हणायचो, आमचा माल आमचा. १९८६ ला चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, आणि पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली: ज्या घरधनिणीच्या घामावर शेत उभं आहे तिच्या नावे जमीन करा. मी बायकोच्या नावे दोन एकर केले. तलाठ्याकडून सातबारा आणून तिच्या हातात दिला, फोटोही काढला. मृगाचा पाऊस पडला आणि मी सरकी घेऊन निघालो, तर ती म्हणाली, ‘त्या दोन एकरात पऱ्हाटी नाही लावायची. ज्वारी अन् तूर.’

मी रागावलो. आठ दिवस बोललो नाही. कापसाच्या गावात ज्वारी, पाखरं खातील, लोक हसतील, जमीन दिली कोणी तुला, सगळं तोंडावर आलं होतं. शेवटचं वाक्य ओठाशी आलं तेव्हा नदीतल्या रेतीवर कागद पुढं सरकवणारा तो हात डोळ्यांपुढं आला. मी सरकी परत कोठ्यात ठेवली आणि गावभर फिरून तिच्यासाठी ज्वारीचं बियाणं पाहायला गेलो.

ते दोन एकर अजून तिच्याच हाती आहेत. यंदाही तिथं तूरच उभी आहे.