काचेच्या मागच्या बाजूला
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : बाजीराव रस्ता, सकाळची वर्दळ. नातूबागेकडे वळणारी गल्ली.]

शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुण्यात वाढलेला माणूस इथे साधारण दोनदा येतो. एकदा शाळेच्या सहलीला आणि एकदा बाहेरगावचे पाहुणे आले की. दोन्ही वेळा घाईत. मस्तानी महाल कुठाय ते विचारायचं, वाद्यांच्या दालनातून एक चक्कर मारायची आणि बाहेर पडून चहा घ्यायचा.

या घाईत आपल्यासमोर असतात सुमारे 2,500 वस्तू. संग्रह आहे 20,000हून जास्त वस्तूंचा. म्हणजे एक वस्तू काचेत असेल, तर सात आतल्या बाजूला. अशा संग्रहात आत काय काम चालतं, आणि एखादी वस्तू काचेत बसवायची तर कशाकशाचा विचार करावा लागतो, ते आज बघू.

[दृश्य : दिनकर केळकरांचं छायाचित्र.]

हा सगळा खटाटोप एका माणसाचा. दिनकर गंगाधर केळकर, 1896 ते 1990. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे त्यांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. केळकर कुठल्या तरी संस्थानाचे राजे असणार, असं समजून चालणारे अजूनही भेटतात.

1920च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला घेतल्या. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं होत्या. जुन्या वस्तू म्हणजे तलवारी, नाणी, दरबारी कागद, असा तेव्हाचा रिवाज. शस्त्रं केळकरांनीही जमवली, पण त्यांचा जीव जडला तो दिव्यांवर, अडकित्त्यांवर, पाय घासायच्या वज्र्यांवर, फण्यांवर, दौतींवर, जुन्या वाड्यांच्या कोरीव दारांवर. लोक ज्या गोष्टी मोडीत घालत होते, त्या. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

[दृश्य : अडकित्ता, अगदी जवळून. पात्यापासून मुठीपर्यंत सावकाश.]

हा अडकित्ता बघा. वर घोडा, घोड्यावर स्वार. मूठ पितळेची, पातं लोखंडाचं. सुपारी फोडायच्या हत्याराला एवढा नखरा कशासाठी? कारण पान घरात आल्यागेल्यासमोर लावलं जायचं. यजमानाची ऐपत आणि आवड अडकित्त्यावरून कळायची.

आता हाच उलटा करा. जिथे सहसा नजर जात नाही अशा जागी एक बारीक आकडा लिहिलेला असतो. हा नोंद क्रमांक. तो थेट धातूवर लिहीत नाहीत. आधी पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाईनं आकडा, त्यावर पुन्हा थर. उद्या काढायची वेळ आली, तर वस्तूला ओरखडा न जाता निघाला पाहिजे. कापडाला राळ चालत नाही. तिथे सुती फितीवर आकडा लिहून ती फीत दोनचार टाक्यांत शिवतात.

त्या आकड्यापुढे नोंदवहीत काय असतं? वस्तू कुठून आली, कोणाकडून आली, कशाची आहे, वजनमाप किती, कुठे टवका उडालाय, कुठे जोड सुटलाय. संग्रहालयातलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही हेच. नोंद हरवली तर हा अडकित्ता सुंदर राहील, पण कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, हे कायमचं गेलं. मग त्याच्याबद्दल काहीही सांगा, खोडायला पुरावा नाही.

[दृश्य : पानाचं साहित्य. एकेक वस्तू टेबलावर ठेवणारे हात.]

समजा, पानाच्या साहित्याचं एक कपाट मांडायचंय. पानाचा डबा, चुन्याची डबी, काताची डबी, अडकित्ता, पिकदाणी, दात गेलेल्या आजोबांसाठी छोटा खलबत्ता, आणि कमरेला खोचायची कापडी चंची. बायकांच्या हातच्या भरतकामाची, खणाखणांची.

मांडायला सोपं वाटतं. पण सगळं घोडं त्या चंचीपाशी अडतं. पितळेला उजेडाचं काही वाटत नाही. कापडाचा रंग मात्र उजेडात उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांच्यावर 50 लक्सच्या आसपासच उजेड ठेवायचा, असा जगभरचा दंडक आहे. घरात संध्याकाळी मंद दिवा लावतो, साधारण तेवढाच. एका कपाटात सगळं ठेवायचं तर उजेड ठरवते ती चंची. पितळी डब्यांनी अंधारात बसायचं. शिवाय काही महिन्यांनी तिला उचलून पेटीत विश्रांतीला न्यायचं आणि तिच्या जागी दुसरी आणायची. ‘इथे एवढा अंधार का हो?’ असं प्रेक्षक विचारतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा अशा एखाद्या चंचीत असतं.

कपाटातलं अस्तरही डोळे मिटून निवडता येत नाही. लोकरी कापडातून गंधकाचा अंश सुटतो, त्यानं चांदी काळवंडते. काही प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघते, ती शिशाला खाते. नवीन चकचकीत शोकेसमध्ये जुनी वस्तू लगेच ठेवायला जाणकार बिचकतात ते यामुळे.

[दृश्य : समई. चिंचेचा कोळ. पाणी.]

घरी दिवाळीआधी समई चिंचेनं लखलखीत करतात. संग्रहालयात हे चालत नाही. चिंचेतलं आम्ल मळाबरोबर धातूचा पापुद्राही काढतं. दर वर्षी थोडा थोडा. शंभर वर्षांनी दिव्यावरच्या मोराचे डोळे सपाट होतात, पिसांच्या रेघा पुसट होतात. म्हणून इथे मऊ ब्रशनं धूळ झाडतात, हिरवा कळंक पसरत असेल तरच त्यावर उपाय करतात, आणि गरज पडली तर मेणाचा पातळ हात देतात. धातूची वस्तू उचलताना हातमोजे, कारण घामातल्या मिठाचे ठसे पुढे गंजतात. पोथीचं पान उलटायला मात्र स्वच्छ, कोरडे, उघडे हात बरे. मोज्यातून पानाचा काठ कळत नाही आणि पान फाटतं.

[दृश्य : पाऊस. पत्र्यावरून ओघळणारं पाणी.]

पुण्याची हवा या कामाला सोयीची नाही. एप्रिल-मेमधली दुपार कोरडी ठणठणीत, आणि जुलैत भिंतींना ओल. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं, आणि त्या ओढाताणीत सांधे सुटतात. हस्तिदंताला उभ्या चिरा जातात. नुसत्या ओलीपेक्षा हे सारखं वरखाली होणं जास्त वाईट. काही शोकेसच्या तळाशी एक कप्पा असतो, त्यात सिलिका जेलचे दाणे भरतात. दाणे ओल पितात, रंग बदलतात. मग काढून भट्टीत वाळवायचे आणि परत भरायचे.

त्यातच कसर, वाळवी आणि लाकूड पोखरणारा भुंगा. सकाळी कोरीव खांबाखाली पिठासारखी भुकटी दिसली, की आत कोणीतरी जेवतंय. पूर्वी पोथ्या लाल कापडात बांधून त्यात वेखंडाचे तुकडे ठेवत. आता काही वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या आसपास दोनेक आठवडे गोठवतात. अंड्यासकट कीड मरते, औषधाचा थेंब लागत नाही. हे सगळ्या वस्तूंना मानवत नाही, हेही खरं.

[दृश्य : वाद्यांचं दालन. तंबोऱ्यांचे भोपळे.]

वाद्यांचा प्रश्न निराळा. गाणारा माणूस आला की म्हणतो, तारा लावा, वाजू द्या, वाद्य वाजवल्याशिवाय जगत नाही. जपणारा म्हणतो, तारा सैल ठेवा, ताणानं दांडी वाकेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. संग्रहालयात मात्र बहुतेक वेळा सैल तारा जिंकतात.

मस्तानी महालाबद्दल थोडक्यात. पहिल्या बाजीरावांच्या काळातल्या कोथरूडच्या त्या वास्तूचे अवशेष इथे आणून पुन्हा उभे केले आहेत. लाकडी वास्तू अशी हलवायची, तर प्रत्येक खांबाला, तुळईला, महिरपीला आधी आकडा घालावा लागतो. नाहीतर जागेवर पोचतो तो नुसता लाकडाचा ढीग.

[दृश्य : माळ्यावरचं सामान. तांब्याचा बंब, वातीचा स्टो, कॅसेटी.]

केळकरांनी जमवलं ते बरंचसं लोकांच्या वापरातून जात असलेलं होतं. आज तसं जाणारं काय आहे? तांब्याचे बंब बहुतेक घरांतून मोडीत गेले. वातीचे स्टो गेले, कॅसेटी चालल्या. सगळं जपायला कोणत्याच संग्रहालयात जागा नाही, आणि दिलेली प्रत्येक वस्तू संग्रहालय घेतंच असंही नाही.

तेव्हा घरातलं असं काही ठेवणार असाल, तर एक कागद घ्या. कोणाचं होतं, कुठून आणलं, कशाला वापरायचे, कधी बंद झालं, एवढं लिहा. वस्तूचा फोटो काढा. कागद तिच्यासोबत ठेवा, पण चिकटपट्टीनं चिकटवू नका, तिचा डिंक निघत नाही. सुती दोऱ्यानं बांधा. आणि पेननं नको, पेन्सिलनं लिहा. ओल लागली तरी फुटत नाही.