मासा आधी ठरवा, टाकी मग

(नव्याने मासे पाळणाऱ्यांसाठी पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पहिली टाकी केवढी घ्यावी आणि तिच्यात कोणते मासे सोडावेत, असा आजचा विषय आहे. माशांच्या यादीकडे आपण येऊच, वह्या-पेनं घेऊन बसला आहात ते त्यासाठीच, हे मला दिसतंय. पण त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती गोष्ट म्हणजे काचेचा गोल पॉट आणि त्यातले नऊ गोल्डफिश. आठ सोनेरी, एक काळा.

हात वर करा बघू, किती जणांच्या घरी वास्तुशांतीला हा पॉट भेट आलाय? बघा, मागच्या दोन रांगा अख्ख्या. नवा फ्लॅट झाला, कुणीतरी सांगितलं की फेंगशुईत नऊ मासे शुभ असतात, आणि पॉट टीव्हीशेजारी आला. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती ज्याची त्याची. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल.

बारा इंच व्यासाचा गोल पॉट घ्या. काठोकाठ भरला तरी त्यात जेमतेम पंधरा लिटर पाणी मावतं. खाली खडी आणि वर मोकळी जागा सोडली की उरतं बारा लिटर, म्हणजे आंघोळीच्या बादलीहून कमी. आता गोल्डफिश. दुकानात तो दोन इंचांचा दिसतो म्हणून लहान वाटतो, पण तो कार्प कुळातला, रोहू-कटल्याच्या नात्यातला मासा आहे. फुगीर अंगाचे, झुपकेदार शेपटीचे प्रकार पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, साधा लांबट गोल्डफिश वीसच्याही पुढे जातो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. त्याला जठर नसतं, म्हणून तो दिवसभर खायला बघतो आणि दिवसभर घाणही करतो. अशा पहिल्या माशाला पंचाहत्तर लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी चाळीस लिटर धरावेत. नवांना झाले जवळपास चारशे लिटर. म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, पावणेदोन फूट उंच टाकी. तेवढी जागा, तेवढा भक्कम स्टँड आणि तेवढ्या वजनाला इंजिनिअरचा होकार असेल तर नऊ गोल्डफिश जरूर पाळा. फार देखणे दिसतात.

पण ते येतात बारा लिटरमध्ये. मग काय होतं, ते दिवसागणिक बघू. पहिल्या दिवशी मासे तुरुतुरु फिरतात, घरातली मुलं चार वेळा दाणे टाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधट होतं. मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. ‘भूक लागली वाटतं’ म्हणून घरचे आणखी दाणे टाकतात. चौथ्या दिवशी कुणीतरी पॉट मोरीत नेऊन सगळं पाणी ओततं, खडी साबणाने घासतं आणि नळाचं ताजं, क्लोरीनचं पाणी भरून मासे पुन्हा आत सोडतं. पाचव्या दिवशी एक मासा कुशीवर पडलेला असतो. आणि मग घरातलं वडीलधारं कुणी म्हणतं, ‘घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं.’

मंडळी, हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्या वाक्याने चौकशी तिथेच थांबते. मासा कशाने गेला हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आकडा पुरा करायला नवा मासा येतो आणि तोही त्याच वाटेने जातो.

तो गेला अमोनियाने. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, कुजणाऱ्या दाण्यांतूनही तो तयार होतो. अमोनियाने कल्ले जळतात, मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. वर येऊन तोंड हलवणारा मासा भुकेला नसतो, गुदमरत असतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो. टाकीत तो संपवायला जिवाणू लागतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातला प्राणवायू वाहण्याचा मार्ग अडवतं आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य असतं आणि आठवड्याच्या पाणी बदलण्यात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत, फिल्टरच्या स्पंजला आणि खडीला चिकटून वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मोरीत खडी घासली, स्पंज नळाखाली पिळला, की ती वसाहत धुऊन जाते आणि पुन्हा पहिला दिवस उजाडतो.

आता लहान टाकी सोपी, हा समज का खोटा ते ध्यानात येईल. दाण्यांची एक चिमूट जास्त पडली तर बारा लिटरमध्ये जे विष होतं, ते सत्तर लिटरमध्ये सहा पट पातळ असतं. एप्रिलच्या दुपारी लहान पॉट तासा-दोन तासांत तापतो, मोठी टाकी संध्याकाळपर्यंत सावकाश तापते. चूक लक्षात येऊन ती सुधारायला वेळ मिळतो. नवशिक्याला तेवढाच तर हवा असतो.

म्हणून माझं मत ठाम आहे. पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. दुकानात २४ बाय १२ बाय १५ म्हणून मागा. इंचांचा गुणाकार करून ६१ ने भागलं की लिटर निघतात, इथे येतात सत्तर. मात्र फ्लॅट घेताना आपण कार्पेट विचारतो की बिल्टअप? अगदी तसंच इथे. खडी, दगड आणि वरची दोन बोटं मोकळी जागा वजा केली की खरं पाणी पंचावन्न-साठ लिटर. माशांचा हिशेब या कार्पेटवर करायचा.

उंचीच्या मोहात पडू नका. उंच, अरुंद षटकोनी टाक्या शोभेला छान दिसतात, पण प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. दोन फुटी टाकीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच. तोच गोल पॉट गळ्यापर्यंत भरला, जिथे त्याचं तोंड सहा इंचांचं असतं, तर अठ्ठावीस. दहावा हिस्सा! माशांनाही आडवं पोहायला हवं असतं, जिन्यासारखं वर-खाली नाही.

काच ५ मिमीची, खाली थर्माकोलची शीट, आणि स्टँड पाणसळ लावून सपाट. भरलेली टाकी नव्वद-शंभर किलोची होते, म्हणजे एक जाडजूड पाहुणा कायमचा मुक्कामाला आला. सिमेंटच्या स्लॅबला त्याचं काही नाही, फक्त टाकी भिंतीलगत ठेवा. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर तळमजलाच बरा. खिडकीच्या उन्हात टाकी नको, पंधरा दिवसांत काच हिरवी होते.

आता पाण्याचं, कारण मासे त्याच्यावर ठरतात. पुण्यात दोन घरांचं पाणी एकसारखं नसतं. खडकवासल्याचं, महापालिकेच्या नळाचं पाणी पावसाचं, धरणातलं, तुलनेने मृदू. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, ते बहुतेक वेळा कठीण. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर पांढरा थर साचतो ना, तेच. अशा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढा असेल तर अमोनिया आणखी विषारी होतो, हेही लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला बादली चोवीस तास उघडी ठेवा, किंवा दुकानात अँटिक्लोरीन मिळतं ते बाटलीवरच्या मात्रेइतकं घाला.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर.

टाकी लावली की महिनाभर त्यात मासा नको. फिल्टर चालू ठेवा, रोज दाण्यांची चिमूट टाका, म्हणजे जिवाणूंना खाणं मिळतं. कुणाच्या चालू, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर सोनं समजा, तो आपल्या फिल्टरशेजारी ठेवा, मुदत निम्म्यावर येऊ शकते. टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी तयार. नायट्रेट पुढे लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं.

इंचाला चार लिटर हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. दोन इंचांच्या आतल्या सडपातळ माशांना तो चालतो, मोठ्यांना नाही. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं आणि घाणही त्याच बेताने वाढते. आणि लांबी धरायची ती पूर्ण वाढीची. दुकानात एकच प्रश्न विचारा, ‘हा मोठा होऊन केवढा होतो?’

नळाचं मृदू पाणी असेल तर आधी सहा झेब्रा. आपल्याच उपखंडातला मासा, काटक, थोडी थंडी सोसणारा. दोन आठवड्यांनी किट बघून सहा कोरीडोरास, ते तळाशी राहतात, त्यांच्यासाठी खडीऐवजी बारीक वाळू घ्या. निऑन टेट्रा आवडत असेल तर झेब्राऐवजी घ्या, पण टाकी दोन-तीन महिने चालल्यावर आणि आठच्या घोळक्यात. बोअरचं कठीण पाणी असेल तर प्लॅटी, एक नर आणि तीन माद्या, किंवा गप्पी. गप्पी आपल्याला डासांच्या मोहिमेमुळे ठाऊक आहे. मादी महिन्याला वीस-चाळीस पिल्लं देते, आणि नर काढून घेतला तरी साठवलेल्या वीर्यावर पुढचे काही महिने देत राहते. म्हणून फक्त सहा-आठ नर आणा, रंगही त्यांचेच असतात.

जागाच नसेल तर दीड फुटी टाकी आणि एकटा नर फायटर. तो वर येऊन हवा घेतो म्हणून पेल्यातही जगतो, पण जगणं वेगळं आणि राहणं वेगळं. वीस लिटरच्या खाली नको, सोबत दुसरा फायटर नको, फिल्टरचा झोत मंद हवा, आणि झाकण हवंच. झेब्राही उडी मारतो.

टाळायचे मासे. ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगासियस मीटरभर होतो. ऑस्कर फूटभर. अरोवाना तर विचारूच नका. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. आणि काच साफ करतो म्हणून देतात तो सकर चाळीस सेंटिमीटरच्या वर जातो. काच आपण स्पंजने पुसावी. सकर नकोसा झाला की लोक नदीत सोडतात, आणि खाली भीमेवर उजनीत तो मच्छीमारांची जाळी फाडतोय. टाकीतला कुठलाही मासा मुळा-मुठेत किंवा तळ्यात सोडू नका. दुकानदाराला विचारा, बरेच जण परत घेतात.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला, आणि मासा जाळीने आत घ्या, पिशवीतलं पाणी ओतू नका. दाणे दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. आठवड्याला सायफनने एक बादली, पंधरा लिटर पाणी काढा आणि तेवढंच शिळं पाणी घाला. स्पंज त्या काढलेल्या बादलीतच पिळा, नळाखाली नाही. डिसेंबर-जानेवारीत टेट्रा आणि फायटरला हीटर लागतो, लिटरला एक वॅट धरून सत्तर लिटरला ७५ वॅटचा. मे महिन्यात फिल्टरची तोटी वर घेऊन पृष्ठभाग हलता ठेवा, गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या.

बाकीचं प्रश्नांत घेऊ. घरचं पाणी बाटलीत आणा असं कळवलं होतं, ज्यांनी आणलंय त्यांनी बाटलीवर भागाचं नाव आणि नळ, बोअर की टँकर ते लिहून इथे टेबलावर ठेवा. सामू आणि कठीणपणा आत्ताच बघू, म्हणजे कुणी झेब्रा घ्यायचा आणि कुणी प्लॅटी ते लगेच सांगता येईल.