कापसाची झोळी आणि कुलूपबंद कपाट

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक मित्रहो आणि शेतातली कामं सोडून आलेल्या मायबहिणींनो,

एका शाळेत मला मोठ्या कौतुकानं एक काचेचं कपाट दाखवलं. आत मोटरी, सेन्सर, रंगीत तारा, सगळं ओळीनं मांडलेलं. कपाटाला कुलूप. 'मुलं मोडतील' म्हणून. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. हाताळायला आणलेली वस्तू हात लावू न देता जपायची, तर ती आणलीच कशाला?

आता दुसरी गोष्ट सांगतो. आठवीतली एक मुलगी. तिची आई कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर कमरेला ओटी बांधायची, ती भरत गेली की सगळं ओझं कमरेवर. घरी आली की आई आधी कंबर धरून बसायची. मुलीनं ठरवलं, आईसाठी झोळी शिवायची.

पहिली झोळी खताच्या पोत्याची, एका पट्ट्याची. संध्याकाळी आई म्हणाली, "झोळी बरी हाय माय, पण मान दुखून रायली." मुलगी हिरमुसली. तिच्या सरांनी तिला समजावत न बसता ताणकाटा हातात दिला. भरलेली झोळी निघाली 6 किलोची. पट्टा होता 2 सेंटिमीटर रुंद. आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा धडा आहेच. तेच ओझं 6 सेंटिमीटरच्या पट्ट्यावर टेकलं तर दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हे तिनं वहीत मांडलं, आणि पट्टे एकाऐवजी दोन केले.

पोत्याचं मात्र वेगळंच निघालं. जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, कामाला जाणाऱ्या तिच्या मामानं झोळी पाहिली आणि सांगितलं, पोत्याचे प्लास्टिकचे धागे सुटून कापसात जातात. ते सुतात राहतात, कापडाला रंग दिला की तेवढे धागे रंग घेत नाहीत, आणि कापड डागी दिसतं. म्हणून दुसरी झोळी जुन्या सुती लुगड्याची झाली. कापूस खालून रिकामा करता यावा म्हणून तिनं झोळीला चिकटपट्टी लावली, बुटांना-दप्तरांना असते ती बारीक आकड्यांची, व्हेल्क्रोची. दोन दिवसांत पट्टीच्या आकड्यांत कापसाचे तंतू आणि वाळक्या पाल्याचा चुरा अडकला, पट्टी धरेचना. तिसऱ्या झोळीला साधी नाडी आली.

तिच्या वहीत तिन्ही झोळ्यांची चित्रं आहेत, मापं आहेत, आणि प्रत्येकीखाली आईचं म्हणणं आईच्याच शब्दांत लिहिलेलं आहे. माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान चिकटपट्टीचं. प्रदर्शनात मांडताना आपण नेमकं तेच पान लपवतो आणि चकचकीत मॉडेलला बक्षीस देतो. बाजारातून आणलेलं, बापानं रात्री जागून जोडलेलं मॉडेल! परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी वही मागा.

असं हातानं करून शिकणं हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये इथून जवळच, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचं हा विचार तिथं मांडला गेला, आणि त्याचा अभ्यासक्रम आखायला झाकिर हुसेन यांची समिती नेमली. नई तालीम ती हीच. पुढं 1983 मध्ये शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक.

तुमच्याकडे तेवढा दिवस नसेल. सलग दोन तासिका तरी द्या. एक ताणकाटा, एक टेप, कात्री, सुई-दोरा, एवढ्यानं सुरुवात होते. सेन्सर नकोत असं मी म्हणत नाही. विहिरीवरची मोटर आपोआप बंद करायची असेल तर ते लागतीलच, तेव्हा कपाट उघडा. फक्त गरज मुलाला आधी दिसू द्या. आणि मुलीच्या आईला शाळेत बोलवा. वस्तू वापरणार ती, मग तपासणारीही तीच हवी.

त्या झोळीचं पुढं काय झालं? शेजारच्या दोघीतिघींनी तशीच मागितली. मुलगी टेप घेऊन त्यांच्या घरी गेली. एकीचे खांदे उतरते, पट्टा घसरायचा. दुसरी डावखुरी, तिला तोंड उलट्या बाजूला हवं होतं. मुलीनं वही उघडली आणि चौथी झोळी काढायला घेतली.