अ‍ॅव्हनडेलची खाण आणि अमेरिकेतले वेल्श

६ सप्टेंबर १८६९, सोमवार सकाळ. पेनसिल्व्हेनियातल्या प्लिमथ गावाजवळची अ‍ॅव्हनडेल कोळसा खाण. संप नुकताच मिटलाय, घरात पैसा उरलेला नाही, त्यामुळे बाप आणि पोरं सगळीच खाली उतरलीत, आणि त्यातले बहुतेक वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्समधून इथे आलेले.

या खाणीत जायला आणि बाहेर यायला रस्ता एकच, एक उभा शाफ्ट. त्याला आतून लाकडाचं अस्तर, आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर ब्रेकर, म्हणजे कोळसा फोडून चाळायची भलीमोठी लाकडी इमारत. खाली हवा खेळती राहावी म्हणून तळाशी भट्टी पेटलेली असायची, गरम हवा वर निघून जाते आणि ताजी आत ओढली जाते, अशी ती सिस्टीम. त्या दिवशी भट्टीची आग लाकडाला लागली, तीच वर चढली, ब्रेकर पेटला आणि जळकी लाकडं शाफ्टमधेच कोसळली. रस्ता बंद, हवाही बंद.

आग विझल्यावर हवा कशी आहे बघायला आधी एक कुत्रा आणि दिवा खाली सोडला. मग माणसं गेली. त्यातले थॉमस विल्यम्स आणि डेव्हिड जोन्स हे दोघं आत गुदमरून गेले, हेही वेल्शच. पुढे मृतदेह सापडले तेव्हा कळलं की आतल्या लोकांनी स्वतःचे कपडे फटींमधे कोंबून धुराला अडवायचा प्रयत्न केला होता. वाचलं कोणीच नाही. मदतीला गेलेले ते दोघं धरून ११० माणसं गेली.

आणि मला ज्याचा अजूनही राग येतो ती गोष्ट ही, की खाणींच्या सुरक्षेचा एक कायदा पेनसिल्व्हेनियाने त्याच वर्षी केला होता, पण तो स्कूलकिल या एकाच काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला लागू होता आणि अ‍ॅव्हनडेल पडते लुझर्न काउंटीत.

आता वेल्सची माणसं इथे आली कशी ते बघू. वेल्श क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक इथे १६८० च्या दशकातच आले होते, फिलाडेल्फियाच्या बाजूला नकाशात बघा, ब्रिन मॉर, बाला किनविड, रॅडनर ही सगळी त्यांचीच नावं. पण ते धर्मासाठी आले, शेतकरी आणि जमीनवाले लोक. खाणवाल्यांची गोष्ट वेगळी, तिची सुरुवात डेव्हिड थॉमसपासून धरायला हवी. पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट कोळसा भरपूर, पण तो इतका कडक की लोखंडाच्या भट्टीत धड पेटायचाच नाही. दक्षिण वेल्समधे थॉमसने भट्टीत गरम हवा फुंकून तो पेटवून दाखवला होता. १८३९ मधे इथल्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि ४ जुलै १८४० ला कॅटासॉक्वा गावात त्याच्या भट्टीतून लोखंड निघालं. त्यानंतर अशा भट्ट्या वाढत गेल्या, कोळशाची मागणी वाढली, आणि खाणीत उतरायला जाणकार माणसं हवी होती, ती वेल्समधे पिढ्यान् पिढ्या तयार होत होती.

ती येऊन वसली पेनसिल्व्हेनियातल्याच स्क्रँटन शहराच्या हाइड पार्क भागात. चर्चमधे वेल्श, दुकानात वेल्श, घरात येणारं 'अ द्रिख' हे वर्तमानपत्र वेल्शमधे, ते न्यूयॉर्कला १८५१ मधे सुरू झालं होतं. आणि गाणं तर विचारूच नका, कविता आणि गायनाच्या स्पर्धा, आइस्टेदवोद म्हणतात त्यांना, दिवस दिवस चालायच्या आणि लोक दुसऱ्या गावांहून यायचे. डॅनविल गावातल्या लोखंडाच्या कारखान्यात जोसेफ पॅरी नावाचा पोरगा काम करायचा, वेल्समधे असताना तो नवव्या वर्षी खाणीत उतरलेला होता. संगीत तो शिकला ते डॅनविलमधे, सोबतच्या कामगारांकडून. पुढे अमेरिकेतल्या आणि वेल्समधल्या वेल्श लोकांनी वर्गणी काढून त्याला लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत पाठवलं आणि १८७४ मधे तो वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजात संगीताचा प्रोफेसर झाला. कष्टाच्या मजुरीतून वर्गणी देणारी ती माणसं मला पॅरीइतकीच मोठी वाटतात.

पण सगळं गोड नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. खाणीत वेल्श माणूस साधारणपणे मुख्य खाणकामगार किंवा फोरमन, आणि आयरिश माणूस त्याच्या हाताखालचा मजूर, त्यामुळे दोघांत कायम धुसफूस. अ‍ॅव्हनडेलनंतर आयरिश लोकांनीच मुद्दाम आग लावली अशी अफवा उठली. चौकशीत दोष भट्टीवर आला, तरी संशय काही लगेच मिटला नाही. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की त्या खाणीपाशी कामगारांनी एकत्र या, युनियन करा असं जीव तोडून सांगणारा जॉन सायनी हा जन्माने आयरिशच होता.

१८७० मधे खाणींच्या सुरक्षेचा कायदा अख्ख्या अँथ्रासाइट पट्ट्याला लागू झाला. प्रत्येक खाणीला बाहेर पडायचा दुसरा रस्ता, हवा खेळती ठेवायची सक्ती आणि तपासायला सरकारी इन्स्पेक्टर. अ‍ॅव्हनडेलचे बरेच मृत हाइड पार्कमधल्या वॉशबर्न स्ट्रीट स्मशानभूमीत पुरलेत.

मग हे वेल्श लोक आज कुणाला फारसे माहीत का नाहीत? माझं मत असं की त्यांना विरघळणं सोपं गेलं. गोरे, प्रोटेस्टंट, हातात कसब असलेले, आडनाव जोन्स नाहीतर डेव्हिस, मुलं शाळेत इंग्रजी शिकली आणि दोन-तीन पिढ्यांत शेजाऱ्यांना ते इंग्रजच वाटायला लागले. २००० च्या जनगणनेत साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी आपण वेल्श वंशाचे आहोत असं लिहिलं. आयरिश वंशाच्या कोट्यवधी लोकांपुढे हा आकडा खूपच छोटा.

पण खाणीतलं नातं काही लगेच तुटलं नाही. आयोवात एका वेल्श खाणकामगाराच्या घरी १८८० मधे जॉन एल. लुइस जन्मला, स्वतःही खाणीत उतरला आणि १९२० ते १९६०, तब्बल ४० वर्षं खाणकामगारांच्या युनियनचा अध्यक्ष राहिला. हुकूमशहासारखा वागायचा, विरोध सहन करायचा नाही, ही टीका खरीच आहे. पण १९४६ चा संप त्याने ताणून धरला तेव्हा सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि करार झाला, त्यातून कामगारांचा वेल्फेअर आणि पेन्शन फंड उभा राहिला. त्याचा पैसा निघणाऱ्या कोळशावर टनामागे ठराविक सेंट असा यायचा, आणि त्याच पैशातून पुढे केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यात १० हॉस्पिटलं बांधली गेली.